दुबईत फ्लॅट घ्यायचाय? मग आधी इकडचे कागद लावा

गेल्या काही महिन्यांत सोसायटीतले दोघंजण, माझा मावसभाऊ आणि बायकोच्या ऑफिसातली एक मैत्रीण, सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला की तुम्ही दुबईत वन बीएचके कसा घेतलात, आम्हालाही सांगा. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून झालं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतोय. आम्ही दोघं ठाण्यात राहतो, नोकरी इथेच, एनआरआय नाही, तिकडचा व्हिसा नाही. म्हणजे भारतात राहणाऱ्या, पगारातून आणि साठवलेल्या पैशातून घेणाऱ्या माणसाने काय करायचं हे यात आहे. एनआरआय लोकांचं गणित वेगळं असतं, त्यांचा उल्लेख मध्ये मध्ये येईल तेवढाच.

पहिली गोष्ट सांगतो कारण ती कुणीच सांगत नाही. दुबईत घर घेणं तिकडच्या बाजूने खरंच सोपं आहे, सगळे पैसे आणि कागद तयार असतील तर एका दुपारी घर तुमच्या नावावर होतं. अवघड आहे ते इकडचं, म्हणजे पैसा भारतातून नियमात बाहेर कसा न्यायचा, कुठल्या नावाने, कुठल्या कोडखाली, आणि नंतर दरवर्षी रिटर्नमध्ये काय दाखवायचं. लोक फ्लॅट बघायला विमानाचं तिकीट आधी काढतात आणि सीएकडे शेवटी जातात. उलटं करा.

आम्हीही आधी हीच चूक केली होती. एका मोठ्या हॉटेलात दुबई प्रॉपर्टीचं प्रदर्शन होतं, तिथे छान मॉडेल, छान चहा, आणि "आजच टोकन दिलं तर हा मजला, ही किंमत, उद्या नाही" असं तीन तीन लोक सांगत होते, आणि मी तिथल्या तिथे क्रेडिट कार्डवर २०,००० दिरहमचं टोकन भरलं. चार दिवसांनी सीएला सांगितलं तर ती म्हणाली, अहो परदेशात घर घेणं हा भांडवली व्यवहार आहे, तो एलआरएसमधून, बँकेतून, फॉर्म भरूनच करायचा, कार्डावरून असा करता येत नाही, आधी ते पैसे परत मागवा. परत मिळायला चार महिने आणि पंचवीसेक ईमेल लागले. पैसे सगळे आले, पण त्या चार महिन्यांत बायकोला आणि मला जो मनस्ताप झाला तो कुणाला होऊ नये म्हणूनच हे लिहायला बसलोय. प्रदर्शनात जा, बघा, ब्रोशर घ्या, पण खिशातलं कार्ड बाहेर काढू नका.

आता एलआरएस म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. रिझर्व्ह बँकेची लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम. भारतात राहणारा प्रत्येक माणूस एका आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च, सगळ्या कारणांसाठी मिळून २,५०,००० डॉलर बाहेर पाठवू शकतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे एका माणसाची वर्षाची मर्यादा साधारण ९ लाख १८ हजार दिरहम होते. हा आकडा डोक्यात ठेवा. १० लाख दिरहमचा फ्लॅट एकट्याला एका वर्षात बसत नाही, नवरा बायको दोघांनी मिळून घेतला तर आरामात बसतो. २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांत नातेवाइकांनी आपापली मर्यादा एकत्र करून घर घ्यायची सोय आहे, फक्त प्रत्येकाने आपले पैसे आपल्या खात्यातून, आपल्या पॅनवर, आपला फॉर्म भरून पाठवायचे. दुसरा मार्ग म्हणजे मार्चअखेरीला थोडे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थोडे, म्हणजे दोन वर्षांच्या मर्यादा लागोपाठ मिळतात, हे पूर्ण नियमात आहे आणि बरेच लोक असंच करतात. भाऊ किंवा मुलगी तिकडे नोकरीला असेल तर त्यांच्याबरोबर जॉइंट नावानेही घेता येतं.

पण त्याच वर्षी मुलाची परदेशातली फी, युरोप ट्रिप, अमेरिकन शेअर्स असं काही पाठवलं असेल तर ते सगळं याच अडीच लाखांतून वजा होतं. हे विसरू नका.

टीसीएसचं, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराचं, काय ते सांगतो, कारण इथे भल्याभल्यांचं बजेट कोसळतं. वर्षात १० लाख रुपयांच्या वर जेवढं पाठवाल त्याच्यावर बँक २० टक्के टीसीएस कापून घेते (शिक्षण आणि उपचार सोडून, त्यांचे दर वेगळे आहेत, घराला तो फायदा नाही). हा वेगळा कर नाहीये, तुमच्याच नावावर आयकर खात्यात जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात आणि ते पैसे हातात असावे लागतात. हिशोब करून दाखवतो.

समजा फ्लॅट ८ लाख दिरहमचा आहे. रुपयाचा दर मी २४ धरतो, तुम्ही त्या दिवशीचा धरा. लँड डिपार्टमेंटची, म्हणजे तिकडच्या सरकारी मालमत्ता नोंदणी खात्याची, फी ४ टक्के म्हणजे ३२,०००. एजंट २ टक्के म्हणजे १६,०००, त्यावर ५ टक्के व्हॅट ८००. ट्रस्टी ऑफिसची (जिथे घर नावावर होतं त्या ऑफिसची) फी ४,००० अधिक व्हॅट २००. टायटल डीडचे, म्हणजे मालकीच्या कागदाचे, ५८०. डेव्हलपरची एनओसी समजा १,०००, ही ५०० पासून ५,००० पर्यंत कितीही असू शकते. वरचा खर्च झाला ५४,५८० दिरहम, म्हणजे किमतीच्या जवळजवळ ७ टक्के. एकूण ८,५४,५८० दिरहम, रुपयांत साधारण २ कोटी ५ लाख. हे सगळं एकाच माणसाने पाठवलं तर १० लाख सोडून उरलेल्या १ कोटी ९५ लाखांवर २० टक्के म्हणजे ३९ लाख टीसीएस. म्हणजे पाठवायच्या दिवशी तुमच्याकडे २ कोटी ४४ लाख लागतात, २ कोटी ५ नाही! दोघांनी अर्धे अर्धे पाठवले तर १० लाखांची सूट दोनदा मिळते, २ लाख वाचतात, फार नाही पण वाचतात. पगारदार असाल तर कंपनीला टीसीएसचं कळवून पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो, म्हणजे परताव्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबायला नको. आम्ही हे केलं आणि सात महिने पगार जवळजवळ पूर्ण हातात आला. ज्यांचा वर्षाचा करच २ लाख आहे त्यांना मात्र रिफंडची वाट बघण्याशिवाय मार्ग नाही, तेव्हा एवढे पैसे वर्षभर अडकलेले चालणार आहेत का ते आधी घरात बसून ठरवा.

अजून एक, हे ठाण्या-पुण्यातल्या लोकांसाठी खास. आईवडिलांचा जुना फ्लॅट विकून दुबईत घेऊ असा विचार असेल तर लक्षात ठेवा, घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर दुसरं घर घेऊन वाचवायची जी सवलत आहे ती २०१४ च्या बजेटपासून फक्त भारतातल्या घराला लागू आहे. दुबईतलं घर त्यात चालत नाही. तो कर भरूनच उरलेले पैसे बाहेर न्यायचे.

कर्जाबद्दल: एलआरएस हा तुमच्या स्वतःच्या पैशासाठी आहे, इथल्या बँका परदेशात असं घर घ्यायला पाठवायच्या पैशासाठी कर्ज देत नाहीत. तिकडच्या बँका नॉन-रेसिडेंट लोकांनाही मॉर्टगेज देतात आणि एजंट लगेच सांगतो की सर फिफ्टी पर्सेंट लोन होऊन जाईल. एनआरआयना हा मार्ग मोकळा आहे. भारतात राहणाऱ्याने परदेशी बँकेचं कर्ज घेणं फेमामध्ये, म्हणजे आपल्या परकीय चलनाच्या कायद्यात, सरळ बसत नाही, तेव्हा कुठेही सही करायच्या आधी फेमा बघणाऱ्या सीएकडून लेखी मत घ्या. फेमा बघणाऱ्या असं मुद्दाम म्हणतोय, सगळे सीए हे काम करत नाहीत, आमच्या नेहमीच्या सीएंनीच प्रामाणिकपणे सांगितलं की हे माझं क्षेत्र नाही, आणि दुसरीचं नाव दिलं.

आता बँक. जिथे तुमचं खातं किमान एक वर्ष जुनं आहे तीच बँक धरा, नवीन खात्यातून पाठवायला गेलात तर मागच्या बँकेची स्टेटमेंट, रिटर्न असं बरंच मागतात. ए-२ फॉर्म, म्हणजे पैसे बाहेर पाठवायचा अर्ज, भरायचा, पॅन लागतोच, आणि पर्पज कोड एस ०००५, म्हणजे परदेशातली स्थावर मालमत्ता. काही एजंट सांगतात की फॅमिली मेंटेनन्सचा कोड टाका, पटकन होतं, कुणी विचारत नाही. अजिबात ऐकू नका. उद्या फ्लॅट विकलात किंवा आयकर खात्याने विचारलं की या घराचा पैसा कुठून गेला, तर तुमच्याकडे दाखवायला तो एकच कागद आहे आणि त्याच्यावर खोटं लिहिलेलं असेल. आमच्या शाखेत एस ०००५ चा फॉर्म याआधी कुणी भरलाच नव्हता, त्यांनी तो मुंबईच्या मोठ्या ऑफिसला पाठवला, तिकडून तीन वेळा प्रश्न आले, दोन आठवडे गेले, आणि तिकडे एमओयूची, म्हणजे विकणाऱ्याशी केलेल्या खरेदीच्या कराराची, मुदत संपत आली होती म्हणून विकणाऱ्याला विनंती करून मुदत वाढवून घ्यावी लागली. म्हणून फ्लॅट नक्की व्हायच्या आधीच शाखेत जाऊन विचारून ठेवा की तुम्हाला काय काय कागद लागतील, आणि थोडी रक्कम आधी पाठवून बघा.

दरावर घासाघीस करा, लाजू नका. ॲपवर जो दर दिसतो तो आणि बँकेच्या ट्रेझरीशी, म्हणजे परकीय चलन बघणाऱ्या विभागाशी, बोलून मिळतो तो यात फरक असतो. वरच्या उदाहरणात दिरहममागे २० पैसे कमी झाले तरी १ लाख ७० हजार रुपये वाचतात, एका फोनचे.

नावांचा घोळ. हे छोटं वाटतं पण आमचं सगळ्यात जास्त डोकं यानेच खाल्लं. बायकोच्या पॅनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि बँकेत नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं जुनं तीन शब्दांचं. तिकडे टायटल डीडवर पासपोर्टवरचं नाव येतं, पैसे पॅनच्या नावाने जातात, आणि मग बँक विचारते ही बाई कोण. आपल्याकडे किती घरांत हे असंच असतं! पॅन दुरुस्ती करून घ्या, आधार पॅन पासपोर्ट बँक चारही ठिकाणी एकच नाव, आणि हे काम सगळ्यात आधी, फ्लॅट शोधायच्याही आधी.

आता तिकडे येऊ.

परदेशी माणसाला दुबईत सगळीकडे घर घेता येत नाही. २००२ मध्ये परदेशी लोकांसाठी फ्रीहोल्डची दारं उघडली आणि २००६ च्या ७ नंबरच्या कायद्याने ते पक्कं झालं, ठरवून दिलेल्या भागांतच परदेशी माणसाला पूर्ण मालकी किंवा ९९ वर्षांपर्यंतची लीज मिळते. दुबई मरिना, डाउनटाउन, बिझनेस बे, पाम जुमेरा, जुमेरा लेक टॉवर्स म्हणजे जेएलटी, जुमेरा व्हिलेज सर्कल म्हणजे जेव्हीसी, इंटरनॅशनल सिटी, हे फ्रीहोल्डमधले. आपली माणसं वर्षानुवर्षं जिथे भाड्याने राहिली ते करामा, बर दुबई, देरा हे जुने भाग बहुतेक यात नाहीत. मला खरं तर बर दुबईतच हवं होतं, तिथे मंदिर आहे, भाजी मिळते, मीना बाजार आहे, चालत सगळं होतं, पण नाही मिळत म्हणजे नाही मिळत. आम्ही शेवटी जेव्हीसीत घेतलं. तिथे बांधकाम अजून बरंच चालू आहे, मेट्रो स्टेशन नाही, हे दोन दोष, पण आमच्या बजेटमध्ये मोठा हॉल आणि बाल्कनी तिथेच मिळत होती आणि भाडेकरू मिळायला अडचण नाही.

ऑफ-प्लॅन की रेडी, हा मोठा प्रश्न. प्रदर्शनांत विकतात ते बहुतेक सगळं ऑफ-प्लॅन, म्हणजे अजून बांधायचंय, हप्त्याहप्त्याने पैसे. माझं मत सरळ आहे, भारतात राहणाऱ्याने शक्यतो रेडी फ्लॅट घ्यावा. याचं एक कारण बांधकामाचं नाही, रिझर्व्ह बँकेचं आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत होता तेव्हा रिझर्व्ह बँकेने एलआरएसची मर्यादा २ लाख डॉलरवरून एकदम ७५,००० वर आणली आणि या पैशातून परदेशात घर घ्यायलाच बंदी केली. नंतर हळूहळू सैल केलं, २०१५ पासून अडीच लाख आहे. पण ज्या माणसाने चार वर्षांचे हप्ते कबूल केलेत आणि मध्येच असं काही परत झालं तर हप्ता कुठून भरणार? आणि हप्ता चुकला की डेव्हलपरला कायद्यानेच अधिकार आहे, काम ६० टक्क्यांच्या पुढे गेलेलं असेल तर करार रद्द करून फ्लॅटच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम तो ठेवून घेऊ शकतो. भरलेल्या पैशाच्या नाही, किमतीच्या. हे वाक्य दोनदा वाचा. शिवाय हँडओव्हरनंतर दोन तीन वर्षं हप्ते असले तर ताबा आधी आणि पैसे नंतर, म्हणजे ती उधारीच झाली, आणि मग वरचा कर्जाचा प्रश्न परत उभा राहतो.

तरीही ऑफ-प्लॅन घ्यायचंच असेल तर दुबई रेस्ट नावाचं लँड डिपार्टमेंटचं ॲप आहे ते फोनमध्ये टाका. प्रोजेक्टचं नाव घालून बघा, नोंदणी आहे का, काम किती टक्के झालंय, एस्क्रो खातं, म्हणजे फक्त त्या प्रोजेक्टच्या पैशांसाठी राखलेलं खातं, कुठलं. आपल्याकडे महारेरा २०१७ मध्ये आलं, त्यांचं रेरा २००७ चं, आणि त्याच वर्षीच्या ८ नंबरच्या कायद्याने प्रत्येक ऑफ-प्लॅन प्रोजेक्टला वेगळं एस्क्रो खातं सक्तीचं केलं. तुमचा प्रत्येक हप्ता त्या एस्क्रो खात्यातच गेला पाहिजे. एजंटच्या खात्यात नाही, डेव्हलपरच्या साध्या खात्यात नाही, भारतातल्या त्यांच्या "पार्टनर" कंपनीला रुपयांत तर मुळीच नाही. रुपयांत इथे द्या, आम्ही तिकडे ॲडजस्ट करतो असं कुणी म्हणालं की तो हवाला झाला, उठून चालू पडा. आणि बुकिंगनंतर ओकूद झालंय का बघा, ओकूद म्हणजे बांधकाम चालू असतानाची तुमच्या नावाची सरकारी नोंद, ती नसेल तर तुमच्याकडे नुसती पावती आहे.

किमती कायम वरच जातात असंही कुणी सांगेल. २००८-०९ मध्ये तिथला बाजार कोसळला होता, कित्येक प्रोजेक्ट रद्द झाले, परत २०१४ नंतर सहा वर्षं भाव हळूहळू उतरत राहिले, आणि २०२१ पासून चढले. चढल्यावर घेतोय हे माहीत असून घ्या.

रेडी फ्लॅटची पद्धत अशी. एजंटकडे रेराचं कार्ड असतं, त्याच्यावर नंबर असतो, तो ॲपवर तपासा. फ्लॅट पसंत पडला की फॉर्म एफ, यालाच सगळे एमओयू म्हणतात, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि किमतीच्या १० टक्क्यांचा डिपॉझिट चेक एजंटकडे ठेवायचा. इथे नॉन-रेसिडेंट माणसाची पहिली अडचण, तिकडचं चेकबुक कुठून आणणार? आणि शेवटच्या दिवशी विकणाऱ्याला मॅनेजर्स चेकने (आपल्याकडच्या पे ऑर्डरसारखा) पैसे द्यायचे असतात, तो चेक तिकडच्याच बँकेचा लागतो. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे यूएईच्या बँकेत नॉन-रेसिडेंट खातं उघडायचं, त्याला वेळ लागतो आणि बँका बरीच मोठी शिल्लक ठेवायला सांगतात. दुसरा म्हणजे कन्व्हेयन्सर नेमायचा, म्हणजे व्यवहार पार पाडणारी वकिली फर्म, ते त्यांच्या क्लायंट खात्यात पैसे घेतात आणि चेक बनवून देतात. आम्ही दुसरा घेतला, त्यांची फी गेली पण डोकं शांत राहिलं. फक्त इथल्या बँकेला आधी सांगा की पैसे विकणाऱ्याच्या नावाने न जाता कन्व्हेयन्सरच्या नावाने जाणार आहेत, आणि त्याचा करार फॉर्मला जोडा. आमच्या बँकेने विचारलेल्या त्या तीन प्रश्नांतला एक हाच होता.

मग एनओसी. विकणाऱ्याने सर्व्हिस चार्ज वगैरे सगळं भरलंय असं डेव्हलपर लिहून देतो, त्याशिवाय ट्रान्सफर होत नाही. मग सगळ्यांनी मिळून ट्रस्टी ऑफिसला जायचं, पासपोर्ट, एनओसी, चेक टेबलावर, तपासणी, सह्या, आणि थोड्या वेळात टायटल डीड ईमेलवर. ठाण्याच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात अख्खा दिवस काढलेल्या माणसाला विश्वास बसत नाही. ४ टक्के फी कागदोपत्री दोघांनी अर्धी अर्धी भरायची असते पण प्रत्यक्षात सगळी घेणाराच भरतो, एमओयूत तसंच लिहिलेलं असतं, तेव्हा त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका, त्यापेक्षा किमतीवर बोला.

स्वतः जाणं शक्य असेल तर जाच. नाहीतर पॉवर ऑफ ॲटर्नी करावी लागते आणि यूएई ॲपोस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशात कागद चालायच्या, करारात नाही, म्हणून इथे नोटरी, मग राज्य सरकारचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास, मग तिकडे त्यांचं परराष्ट्र मंत्रालय आणि अरबी भाषांतर, एवढी साखळी. त्यापेक्षा तीन दिवसांचं तिकीट स्वस्त पडतं.

घेण्याआधी विचारायच्या गोष्टींत लोक सर्व्हिस चार्ज विचारतात पण कूलिंग विचारत नाहीत. सर्व्हिस चार्ज म्हणजे आपला मेंटेनन्स, पण दर चौरस फुटाला वर्षाचा सांगतात, समजा १४ दिरहम दर आणि ७०० फूट तर वर्षाला ९,८०० दिरहम, आपल्या पैशात २ लाख ३५ हजार. हा मंजूर दर लँड डिपार्टमेंटकडे बिल्डिंगप्रमाणे बघता येतो. कूलिंगचं असं की बऱ्याच टॉवर्सना डिस्ट्रिक्ट कूलिंग असतं, म्हणजे एसीचं थंड पाणी बाहेरच्या कंपनीकडून, आणि घर रिकामं असलं तरी त्याचा ठरलेला आकार चालूच राहतो. लिस्टिंगमध्ये चिलर फ्री, म्हणजे कूलिंगचं बिल वेगळं नाही असं, लिहिलंय का, त्याचा नेमका अर्थ काय, जुनं बिल दाखवा, हे विचारा. वीज पाण्यासाठी देवा, म्हणजे तिकडचं वीज मंडळ, फ्लॅटला २,००० दिरहम डिपॉझिट घेतं.

फ्लॅटमध्ये आधीच भाडेकरू असेल तर त्याचा इजारी, म्हणजे नोंदलेला भाडेकरार, बघा. तुम्हाला स्वतः राहायचं असेल तर त्याला नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, "घर विकलं गेलंय, निघा" असं चालत नाही, आणि भाडं किती वाढवायचं तेही सरकारी इंडेक्सवर ठरतं. आम्हाला भाड्यानेच द्यायचं होतं त्यामुळे असलेला भाडेकरू आम्हाला बरा पडला, केरळचं एक कुटुंब आहे, वर्षाच्या भाड्याचे चार चेक आधीच दिलेले असतात, वेळेवर वटतात.

व्हिसाचं थोडक्यात: २० लाख दिरहम किंवा त्याहून जास्त किमतीची मालमत्ता असेल तर १० वर्षांच्या गोल्डन व्हिसासाठी अर्ज करता येतो. आमचं घर त्यात बसत नाही आणि आम्हाला तो नकोही होता. ज्यांना हवाय त्यांनी एवढं लक्षात घ्या की व्हिसा पासपोर्टमध्ये आला म्हणून इथला कर सुटत नाही, भारतात राहताय तर भारताचे करदाते.

आणि तोच शेवटचा मोठा विषय. दुबईत भाड्यावर इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण भारतात राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न इथे धरलं जातं, दोन देशांमधला दुहेरी कर टाळायचा करार असला तरी. भाडं रिटर्नमध्ये दाखवायचं, ३० टक्के स्टँडर्ड वजावट मिळते, बाकीवर आपल्या स्लॅबने कर. एजंटने दाखवलेल्या ७-८ टक्के उत्पन्नातून सर्व्हिस चार्ज आणि हा कर वजा करून बघा आणि मग ठरवा. रिटर्न साधा आयटीआर-१ चालत नाही. शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं, त्यात घर आणि तिकडचं बँक खातं दोन्ही, आणि तिथे हिशोब ३१ डिसेंबरपर्यंतच्या वर्षाचा असतो, मार्चचा नाही, यात खूप लोक चुकतात. भाडं मिळालं नाही तरी घर दाखवायचंच. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याबद्दल १० लाखांचा दंड आहे. २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट दिली, पण त्यातून घरं जमिनी वगळल्या, म्हणजे आपल्याला ती सूट नाही. आणि तिकडच्या बँकेतल्या खात्याची माहिती दरवर्षी आपोआप भारताकडे येते.

भाडं तिकडच्या खात्यात साठवत बसता येत नाही, १८० दिवसांत परत गुंतवायचं किंवा भारतात आणायचं. पाठवलेले पैसे, समजा व्यवहार फिसकटला, तर त्यांनाही हेच १८० दिवस. आम्ही कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.

घरात एक जाड फाइल करा: ए-२ च्या प्रती, स्विफ्टच्या (बँकेने पैसे पाठवल्याच्या पावतीच्या) प्रती, टीसीएस सर्टिफिकेट, फॉर्म एफ, एनओसी, टायटल डीड, दोघांच्या नावाने वेगवेगळे. बायकोला किंवा नवऱ्याला, ज्याने हे काम केलं नसेल त्याला, ती फाइल एकदा बसून समजावून सांगा.

आणि मृत्युपत्र करा. हे लिहायला जड जातं पण आमच्या ओळखीत एका घरी वेळ आली म्हणून लिहितो, त्या काकू दीड वर्ष कागदांमागे फिरत होत्या. फेब्रुवारी २०२३ पासून तिथे बिगर-मुस्लिमांसाठी वेगळा कायदा लागू आहे, मृत्युपत्र नसेल तर अर्धा वाटा जोडीदाराला आणि अर्धा मुलामुलींना सारखा, आधीपेक्षा ते खूप बरं आहे. पण अर्धं घर अल्पवयीन मुलाच्या नावावर झालं तर ते विकताना कोर्टाची परवानगी वगैरे आलंच. दुबईत डीआयएफसीमध्ये, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय आर्थिक केंद्रात, बिगर-मुस्लिमांना इंग्रजीत मृत्युपत्र नोंदवता येतं, फी बऱ्यापैकी आहे, व्हिडिओ कॉलवरही होतं. इथलं मृत्युपत्र तिकडे वापरायचं म्हटलं तर वरची ती शिक्के आणि भाषांतराची सगळी साखळी आपल्यामागे मुलांना करावी लागते. आम्ही टायटल डीड आल्यावर दुसऱ्याच महिन्यात नोंदवलं, त्याची प्रत फाइलमध्ये सगळ्यात वर आहे, आणि मुलीला कपाटाची किल्ली कुठे असते ते माहीत आहे.